राधानगरीत होमस्टे सुरू करताय? आधी कॅलेंडर बघा

घरातल्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे पाहुणे ठेवू, असा विचार राधानगरी परिसरात अनेक घरांत होतो. पण पाहुणे बारा महिने येत नाहीत.

मेअखेरीस काजवे पाहायला गर्दी होते, खोल्या कमी पडतात. पावसाळ्यात दाजीपूर अभयारण्य बंद असते, त्यामुळे गवे पाहायला येणारा पाहुणा थांबतो. राऊतवाडी धबधब्यावर तुफान गर्दी असते खरी, पण त्यातले बरेच जण झुणका-भाकरी खाऊन संध्याकाळी कोल्हापूरला परततात. मुक्काम नाही, म्हणजे खोलीचे भाडेही नाही. त्यात 2019 किंवा 2021 सारखा महापूर आला, रस्ते पाण्याखाली गेले, की बुकिंग रद्द. ॲडव्हान्स परत देणार का, हे बुकिंग घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून द्या. नंतरचे वाद टळतात.

दिवाळीनंतर गाडी रुळावर येते. गुऱ्हाळं पेटलेली असतात. गरम काकवी आणि तांबडा-पांढरा रस्सा पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला दुसरी रात्र थांबवतो.

किमान एक एकर शेती असेल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नवी खोली बांधायला कर्ज काढणार असाल, तर जुलै-ऑगस्टचा हप्ता कशातून भरणार, ते आधी मांडा.