गारवा हलवा, ऊब आपोआप येईल

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट हा सर्वांत कठीण दगडी कोळसा सापडतो. तिथल्या अनेक घरांत आजही हिवाळा याच कोळशाच्या स्टोव्हवर निघतो. अशा घरांतली जुनी तक्रार म्हणजे स्टोव्हच्या खोलीत घाम फुटतो आणि कोपऱ्यातल्या खोलीत पांघरुणातून पाय बाहेर काढवत नाही. त्यावर बहुतेक जण आच वाढवतात. त्याने पहिली खोली आणखी तापते, कोपऱ्यातली जवळपास होती तशीच राहते. खरा उपाय हवेच्या वाटेत आहे.

आधी विस्तव एकसारखा हवा, आणि त्यात या कोळशाचा हात धरणारं इंधन क्वचितच. लाकूड भडकतं आणि विझत जातं, अँथ्रासाइट तासन्‌तास एका लयीत जळतो. मात्र त्याला हवा खालून, जाळीतून लागते. विल्क्स-बॅरीच्या जेसी फेल यांनी 11 फेब्रुवारी 1808 रोजी भात्याशिवाय, नुसत्या लोखंडी जाळीवर तो पेटवून दाखवला, तेव्हा कुठे तो घरात वापरता येईल हे लोकांना पटलं. हाताने भरायच्या स्टोव्हला ‘नट’ आकाराचे खडे लागतात. साधारण दिवसातून दोनदा जाळी हलवून राख झाडायची, राखेच्या ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबायचं. वरून सळईने ढोसू नये, राखेचे घट्ट गठ्ठे होऊन हवा कोंडते. नवा कोळसा घालताना निखाऱ्यांचा एक भाग उघडा ठेवायचा, म्हणजे कोळशातून निघणारा वायू तिथे निळ्या ज्वाळांनी जळून जातो. सगळं झाकलं, तर तो वायू साचून एकदम भडका उडू शकतो.

आता हवा. 15 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 5 टक्के जड असते. तापलेल्या खोलीच्या उघड्या दारात उदबत्ती धरून पाहा. चौकटीच्या वरच्या बाजूला धूर बाहेर जातो, उंबऱ्याजवळ आत येतो, आणि मधे एका उंचीवर रेंगाळतो. एकाच दारातून दोन प्रवाह उलटसुलट वाहत असतात. म्हणून गरम हवा पुढे ढकलायला स्टोव्हमागे पंखा लावण्यापेक्षा छोटा पंखा थंड खोलीत जमिनीवर ठेवावा, तोंड स्टोव्हच्या दिशेला. जमिनीलगतची जड, गार हवा स्टोव्हकडे सरकली की तिची जागा घ्यायला छताखालून ऊब येतेच. मला तर हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय वाटतो.

दाराच्या चौकटीवरची भिंतही आड येते. छताला साचलेली ऊब चौकटीच्या खाली उतरेपर्यंत पलीकडे जात नाही. तिथल्या जुन्या घरांत दारांवर उघडझाप करता येणारी खिडकी असते, ती त्यासाठी मोलाची. वरच्या मजल्यासाठी जमिनीत जाळीचा झरोका ठेवतात. त्याला आगीत आपोआप मिटणारी झडप हवी, नाहीतर धूरही त्याच वाटेने वर जाईल. माळ्याच्या आणि खिडक्यांच्या फटी बुजवल्याशिवाय मात्र यातलं काहीच पुरतं लागू पडत नाही.

फटी बुजवताना स्टोव्हला लागणारी हवा बंद करू नये. घर फार बंदिस्त झालं आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा जोरात फिरला, तर धुराड्याची ओढ उलटू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. त्यामुळे निजायच्या खोल्यांजवळ या वायूचा अलार्म हवाच, आणि धुराडं दरवर्षी साफ व्हायला हवं. थंडीत महाबळेश्वरला किंवा काश्मीरला गेलात, तरी कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नका. स्टोव्हला निदान धुराडं असतं, शेगडीला तेही नसतं.