परसातील घूस आणि जिवंत पकडण्याचा पिंजरा : चेन्नईच्या अनुभवातून काही धडे

चेन्नई हे महानगर असले तरी तेथील अनेक जुन्या घरांच्या परसात नारळ, केळी, शेवगा आणि थोडा भाजीपाला आजही आढळतो. त्यांच्या सोबतीने कुंपणाच्या भिंतीखाली घुशींची बिळेही असतात. तमिळ भाषेत घुशीला ‘पेरुच्चाळी’ म्हणतात. तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ या शब्दावरून इंग्रजीतील ‘बँडिकूट’ हे नाव आले. कंद व रोपे कुरतडणे, जमीन पोखरणे आणि भिंतीचा पाया पोकळ करणे हा घुशीचा मुख्य उपद्रव होय. त्यावर घरोघरी योजला जाणारा उपाय म्हणजे तारेचा पिंजरा. परंतु पिंजरा लावूनही उपद्रव थांबत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. यात दोष बहुधा पिंजऱ्याचा नसतो. कोणता प्राणी त्रास देत आहे हे न ओळखताच तो लावलेला असतो.

आधी ओळख, मग पिंजरा

चेन्नईच्या परिसरातील इरुला आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप आणि उंदीर पकडत आले आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेली त्यांची सर्पविष सहकारी संस्था शहराच्या दक्षिणेस वडनेम्मेली येथे आहे. भातकापणीनंतर शेतातील बिळे उकरून उंदीर पकडणे आणि बिळात साठलेले धान्य बाहेर काढणे, हा त्यांचा जुना व्यवसाय. बिळात धूर सोडण्यासाठी ते पेंढा भरलेले मातीचे मडके वापरीत आणि त्यात तोंडाने फुंकर घालीत. त्यामुळे तोंड भाजे व धूर छातीत जाई. यावर उपाय म्हणून हाताने फिरवायच्या पंख्याचे पोलादी यंत्र तयार करण्यात आले. त्याच्या प्रसारासाठी २००३ मध्ये जागतिक बँकेच्या विकास स्पर्धेतून अर्थसाहाय्य मिळाले. मात्र या व्यवसायाचे खरे बळ साधनात नसून बीळ वाचण्याच्या कौशल्यात आहे. परसबागेतही हेच कौशल्य उपयोगी पडते.

बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग असेल आणि तोंड आतून मातीने बंद केलेले असेल, तर ते बहुधा लहान घुशीचे बीळ असते. गटार, कचरा किंवा भिंतीच्या पायाजवळचे रुंद बीळ मोठ्या घुशीचे असू शकते. माळ्यावर, छपरात व नारळाच्या शेंड्यात वावरतो तो काळा उंदीर. तो चढण्यात पटाईत असतो. चिंचुंद्री ही उंदीर नव्हेच. तिचे मुख्य अन्न कीटक असल्याने ती पिंजऱ्यात सापडल्यास सोडून द्यावी.

पिंजरा लावण्याची रीत

उंदीर व घूस नव्या वस्तूपासून काही दिवस दूर राहतात. त्यामुळे पहिल्याच रात्री पिंजऱ्याचा चाप लावणे बहुधा व्यर्थ ठरते. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचे दार उघडे बांधून ठेवावे व आत रोज ताजे आमिष ठेवावे. आमिष खाल्ले जाऊ लागल्यावरच चाप लावावा.

पिंजरा मोकळ्या जागेत न ठेवता भिंतीला लागून, प्राण्याच्या नेहमीच्या वाटेवर किंवा बिळाच्या तोंडाजवळ ठेवावा. त्याचा तळ डगमगता नसावा. तमिळ घरांत उंदराच्या पिंजऱ्यात वडा ठेवण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे भजी किंवा तेल लावलेली भाकरी ठेवतात. भाजलेले खोबरे व सुकी मासळी हीसुद्धा चांगली आमिषे होत. आसपास सांडलेले धान्य, उघडा कचरा किंवा गळून पडलेली फळे असतील, तर मात्र कोणतेही आमिष फिके पडते. म्हणून स्वच्छता पिंजऱ्याच्या आधी करावी.

उपद्रव मोठा असल्यास एकाच वेळी अनेक पिंजरे लावावेत. एखादाच पिंजरा महिनाभर फिरवत राहिल्यास पकडलेल्या प्राण्यांची जागा नवी पिल्ले भरून काढतात, कारण उंदीर-घुशींचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांच्या आसपास असतो.

नारळाचा उंदीर शेंड्यात राहत असल्यास जमिनीवरचा पिंजरा निरुपयोगी ठरतो. अशा झाडाच्या खोडाला जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सेंमी रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. शेजारच्या झाडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यास उंदीर वरूनच झाडे ओलांडतो; तेथे पत्र्याचा उपयोग होत नाही.

कायद्याची मर्यादा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस व उदमांजर हे संरक्षित प्राणी आहेत. चेन्नईत उदमांजर घराच्या छपरातही आश्रय घेते. शहरातच गिंडी राष्ट्रीय उद्यान असल्याने लगतच्या वस्त्यांत माकडांचाही वावर असतो. या प्राण्यांसाठी नागरिकाने स्वतः पिंजरा लावू नये. वन विभागास कळवावे. घुशीच्या पिंजऱ्यात चुकून मुंगूस अडकल्यास त्याला तेथेच लगेच सोडावे. धामण व मुंगूस हे घुशींचे नैसर्गिक शत्रू असल्याने त्यांना हटविणे परसबागेच्याही हिताचे नाही.

उंदीर व घूस यांना असे संरक्षण नाही. तथापि प्राण्यांना विनाकारण यातना देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. चिकट सापळ्यात प्राणी तासन्‌तास तडफडतो आणि त्यात पक्षी, सरडेही अडकतात; म्हणून अनेक राज्यांनी अशा सापळ्यांना मनाई केली आहे. पिंजरा रोज पहाटे तपासावा आणि दिवसा उन्हात राहू देऊ नये.

पकडल्यानंतरची जबाबदारी

पकडलेली घूस दूरच्या मैदानात किंवा नाल्याकाठी सोडणे हा उपाय नव्हे. त्याने उपद्रव दुसऱ्याच्या दारी जातो. पाण्यात बुडवून मारणेही क्रूर आहे व ते पाणी रोगाचे वाहक ठरू शकते. अशा वेळी महापालिकेची मूषक नियंत्रण यंत्रणा किंवा पशुवैद्यकांचे मार्गदर्शन घ्यावे.

सर्वांत मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. बाधित उंदीर-घुशींच्या मूत्रातून त्याचे जिवाणू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, तर मुंबई व कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये हा धोका वाढतो. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. त्यामुळे पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, तो साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा आणि पाणी साचलेल्या परसात अनवाणी जाऊ नये. पाण्यातून चालल्यानंतर ताप व तीव्र अंगदुखी झाल्यास डॉक्टरांना ती गोष्ट अवश्य सांगावी.

परिणाम कसा मोजावा?

किती घुशी पकडल्या, यावरून यश ठरत नाही. मोहिमेपूर्वी एका संध्याकाळी परसातील सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत व दुसऱ्या सकाळी किती उघडली ते मोजावे. तेवढी बिळे वसलेली समजावीत. मोहिमेनंतर हीच मोजणी पुन्हा करावी. संख्या शून्यावर आली, तर बिळे खडी व सिमेंटने कायमची भरावीत आणि गटारांवर जाळी बसवावी. संख्या तेवढीच राहिली, तर आणखी पिंजरे लावण्यापूर्वी प्राण्याची ओळख, पिंजऱ्याची जागा आणि परिसरातील अन्न यांचा पुन्हा विचार करावा.