धार-देवासात घर घेताना: ऐकीव आणि खरे

"वस्ती जुनी, शेजार आपल्या माणसांचा, मग कागद कशाला तपासायचे?" धार-देवासातल्या मराठी घरांत असे सर्रास म्हणतात. पवार संस्थानिकांच्या या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे ओळखीवर भरवसा ठेवतात, हे समजण्यासारखे आहे. पण शेजार चांगला असला तरी जमीन निर्वेध असेलच असे नाही. कितीतरी भरवस्तीच्या कॉलन्या शेतजमिनीवर, मंजुरीविना उभ्या राहिल्या.

रजिस्ट्री झाली की मालकी पक्की, हाही असाच समज. रजिस्ट्रीने व्यवहाराची नोंद होते. विकणाऱ्यालाच हक्क नसेल तर रजिस्ट्री तो देऊ शकत नाही. म्हणून खसऱ्यातले (जमिनीच्या सरकारी नोंदीतले) नाव, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती केल्याची नोंद), नामांतरण (नव्या मालकाच्या नावाची नोंद) आणि कॉलनीचा मंजूर नकाशा पाहायलाच हवा. नुसत्या मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. रेरा नोंदणीवरही विसंबू नका. ती नोंदणी बिल्डरच्या नव्या प्रकल्पासाठी असते, जुने घर दुसऱ्याकडून घेताना ती कामी येत नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज पाण्याचा. "बोअर आहे, काळजी नाही." याच देवासला 1990 मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. उद्योग वाढले, घरोघरी बोअर झाले, उपसा वाढत गेला आणि भूजल खोल गेले. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी, त्यामुळे एका बोअरला धो धो आणि पन्नास पावलांवरचा कोरडा, असे होते. विकणारा सांगतो ते पावसाळ्यातले पाणी. धारला तलावांची परंपरा मोठी, पण तलावाकाठच्या सखल भागात पावसाळी पाणी कुठे साचते, हेही पाहा.

देवासच्या हवेची ख्याती खरी आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व 1948 साली इथे येऊन राहिले ते कोरड्या हवेसाठीच. पण औद्योगिक वसाहत त्यानंतरची. घर तिच्या कोणत्या बाजूला आहे आणि वारा कुठून येतो, हे बघावे.

"रेल्वे येतेय, भाव वाढतील" म्हणून जास्त पैसे मोजू नका. धारवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी 2008 ची. 2024 संपले तरी धारहून गाडी सुटली नव्हती.

सौदा ठरवण्याआधी मे महिन्यात एकदा त्या गल्लीत जा आणि शेजारच्या काकूंना विचारा, नळ किती दिवसांनी येतो.