पत्रे बोलके, डोंगर मुका

काळेवाडीत एखाद्या गच्चीवर उभे राहिले, की पवनेपलीकडे पिंपरीच्या इमारती आणि कारखान्यांचे पत्रे पसरलेले दिसतात. आपल्याला रुक्ष वाटणारा हा देखावा रडार उपग्रहाच्या मात्र फार सोयीचा. पत्र्याच्या शेड, भिंतींचे कोपरे, लोखंडी मनोरे रडारची लहर ठसठशीत परत पाठवतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात.

उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच वाटेने येतो आणि परतलेली लहर आपल्या चढउतारात नेमक्या कुठल्या टप्प्यावर होती, ते टिपतो. शास्त्रज्ञ याला लहरीची ‘कला’ म्हणतात. दोन खेपांच्या कला ताडून पाहिल्या, की जमिनीची हालचाल कळते. युरोपच्या सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. लहरीला जाऊन परत यायचे असल्याने जमीन उपग्रहाच्या रोखाने २.८ सेंटिमीटर सरकली, तरी कलेचे एक चक्र पुरे होते. अनेक खेपांच्या नोंदी जमवल्या, तर वर्षाला काही मिलिमीटर खचणारी जमीनही सापडते. कॅलिफोर्नियातल्या १९९२ च्या लँडर्स भूकंपाचा असा नकाशा पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आला आणि ही पद्धत जगापुढे आली.

पण आपल्याला तिची निकड आहे ती सह्याद्रीत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव जागेवर नाही, हे बाहेर कळले ते तिथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. अशा डोंगरांवर नजर ठेवताना ढग आणि अंधार रडारला अडवत नाहीत. अडवते ती झाडी. आखूड लहर पानांवरूनच माघारी फिरते, आणि पाने, गवत, भातखाचरे दर खेपेला निराळी असल्याने नोंदींचा मेळ बसत नाही.

माळीणच्या दुर्घटनेला अकरा वर्षे झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह झेपावला. त्यात इस्रोच्या एस-बँड रडारसोबत नासाचे एल-बँड रडारही आहे. या एल-बँड रडारची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर पानांतून वाट काढत खोडांपर्यंत, जमिनीपर्यंत उतरते. दर बारा दिवसांनी तीच वाट.

क्षणात कोसळणारी दरड बारा दिवसांच्या फेरीला गाठता येणार नाही. मात्र कोसळण्याआधी महिनोन्‌महिने इंचाइंचाने सरकणारे उतारही असतात. कुठल्या वाडीवरचा डोंगर असा हलतो आहे, ते पावसाळ्याआधी समजले, तर ती बातमी आणायला एसटीच्या चालकाची वाट पाहावी लागणार नाही.