शिवाराची राखण

पीक पिकविणें ही शेतीची एक बाजू आणि पिकलेलें घरांत येईपर्यंत तें राखणें ही दुसरी. पहिल्या बाजूसंबंधीं, म्हणजे बियाणें, खतें, कीड व रोग यांसंबंधीं, शेतकीच्या मासिकांतून नित्य विचार होतो. दुसऱ्या बाजूचा विचार मात्र गोफण, माळा आणि पांखरें यांपाशींच थांबतो. वस्तुतः आजच्या बागाईतदाराची काळजी पांखरांपुरती राहिलेली नाहीं. विहिरीवरील मोटर, तिची तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, चाळींतला कांदा, वाड्यांतल्या शेळ्या, भाव चढला म्हणजे झाडावरचें डाळिंब, यांपैकीं कशावर केव्हां हात पडेल याचा नेम नाहीं. केबलीची किंमत कांहीं हजारांची असेल. पण ऐन उन्हाळ्यांत आठ दिवस पाणी तुटून बाग करपली, तर तें नुकसान केबलीच्या किंमतीनें मोजतां येत नाहीं.

अशी चोरी झाली म्हणजे पारावर दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, राखण करणें हें पोलिसांचें काम. आपण काय करणार? दुसरें मत याच्या अगदीं उलट. पोलिसांकडे जाऊन काय होतें? चोर सांपडला कीं आपणच त्याचा बंदोबस्त करावा. आमच्या मतें हीं दोन्ही मतें सारखींच घातक आहेत. पहिल्यानें गांव आंधळें होतें आणि दुसऱ्यानें तें गुन्हेगार होतें.

आपल्याकडील जुनी रीत या दोहोंहून निराळी होती. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन साहेबानें १८१९ सालीं नव्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या बंदोबस्ताचें वर्णन आलें आहे. बंदोबस्ताचा मुख्य पाटील आणि त्याच्या हाताखालीं जागल्या. हें काम बहुतेक ठिकाणीं महाराकडे असे आणि कोठें कोठें रामोशी किंवा भिल्ल यांच्याकडे. रात्रीं गस्त घालणें, गांवांत कोण आला आणि कोण गेला हें ध्यानांत ठेवणें आणि प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असणें हें जागल्याचें काम. चोरी झाली कीं पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. शेजारच्या गांवच्या जागल्याची माग तेथवर आल्याबद्दल खात्री पटली म्हणजे पुढची जबाबदारी त्या गांवाची. चोर सांपडला नाहीं, तर भरपाई जागल्याकडून त्याच्या ऐपतीप्रमाणें आणि उरलेली साऱ्या गांवाकडून घेण्याचा रिवाज होता. तो रिवाज न्यायाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें कांहीं चोरीस जाण्यासारखें नव्हतें, त्या गरिबावरच त्याचा मोठा भार पडे. तथापि चोरी एकाच्या घरची असली तरी काळजी साऱ्या गांवाची, हें तत्त्व त्यांत होतें. तेवढें मात्र टाकून देण्यासारखें नाहीं.

पुढें इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यासाठीं १८६७ चा ग्राम पोलीस कायदा झाला. आज आपल्या राज्यांत त्याच्या जागीं महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ आहे. त्यान्वयें नेमलेला पोलीस पाटील वतनदार नव्हे. तें पद आतां वंशपरंपरेचें राहिलेलें नाहीं. गांवांतील गुन्ह्यांची व स्वास्थ्याची खबर दंडाधिकाऱ्यांस देणें, शांततेस बाध येईल अशी माहिती वरिष्ठांस कळविणें, गुन्हा घडूं नये म्हणून झटणें आणि पोलिसांस तपासांत साह्य करणें, हीं त्याचीं कर्तव्यें कायद्यानें ठरविलेलीं आहेत. एका ठाण्याखालीं अनेक गांवें असतात. ठाण्यांतील शिपाई प्रत्येक शिवारांत रोज रात्रीं येणें शक्य नाहीं. म्हणून पोलीस पाटील हा ठाणें आणि गांव यांमधील सांधा होय. परंतु त्यास बातमी देणारे शेजारीच नसतील, तर एकट्या माणसानें काय करावें?

यासाठीं ग्रामसुरक्षा दलाची योजना अनेक गांवांनीं केली आहे. ती टिकावी, चार दिवसांच्या उत्साहानें संपूं नये, याकरितां आम्ही वाचकांपुढें कांहीं गोष्टी ठेवतों.

पहिली गोष्ट यादीची. गस्तीस जाणाऱ्यांचीं नांवें पोलीस पाटलामार्फत ठाण्यांत दिलेलीं असावींत आणि ठाण्याच्या अंमलदारानें एकदां गांवीं येऊन सर्वांस पाहून घ्यावें. पाळी सर्वांची असावी. मोठ्या बागाईतदारानें आपल्या गड्यास पाठवावें आणि आपण झोंपावें, अशी गस्त महिनाभरहि चालत नाहीं. रात्रीच्या पाळीच्या विजेवर पाणी देण्यास जे जागेच असतात, त्यांस जवळच्या चार विहिरी वांटून दिल्या, तर निम्मी गस्त आयतीच होते. हातांत बॅटरी आणि गळ्यांत शिटी एवढें साहित्य पुरे. एकट्यानें मात्र कोणीं फिरूं नये.

दुसरी गोष्ट खुणेची. चोरीचा माल पुष्कळदां पकडला जातो. पण तो आपलाच हें मालकास सिद्ध करतां येत नाहीं. मोटरीच्या अंगावर नांव व गट क्रमांक कोरून घ्यावा, तिच्यावरील कारखान्याचा क्रमांक वहींत उतरावा, पावती जपून ठेवावी आणि प्रत्येक वस्तूचें छायाचित्र मोबाईलमध्यें असावें. जनावरांच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांकहि त्याच वहींत असूं द्यावा. पोलिसांनीं भंगाराच्या दुकानांत चौकशी करावी असें आपणांस वाटत असेल, तर काय शोधावयाचें हें त्यांच्या हातांत देणें आपलें काम आहे.

तिसरी गोष्ट फिर्यादीची. लहान चोरी म्हणून पुष्कळजण ठाण्याची पायरी चढत नाहींत. मग कागदोपत्रीं त्या शिवारांत चोरी झालेलीच नसते आणि जेथें चोरी नाहीं तेथें गस्त कोण वाढविणार? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, कोणत्याहि ठाण्यांत देतां येते. इलेक्ट्रॉनिक साधनानें दिली, तर तीन दिवसांच्या आंत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत खबर देणारास फुकट मिळालीच पाहिजे. ठाण्यांत नोंद नाकारली, तर खबरीचा मजकूर लेखी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवितां येतो आणि तेथेंहि दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जातां येतें. तातडीच्या प्रसंगीं ११२ हा क्रमांक घरांतील मुलांनाहि पाठ असावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राखणदारानें पाहावें, हांक मारावी, कळवावें आणि अडवून धरावें. शिक्षा करूं नये. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणीहि धरूं शकतो. परंतु त्यास विनाकारण विलंब न लावतां, फार तर सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे, असें त्याच संहितेचें कलम ४० सांगतें. धरण्याचा हक्क आहे, मारण्याचा नाहीं.

ही मर्यादा ओलांडली म्हणजे काय होतें, हें आपल्या राज्यानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें पांच माणसें जमावानें ठार मारलीं. तीं सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षा मागत आलेलीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं होतीं. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती, एवढाच त्यांचा अपराध. ज्या ग्रामपंचायतीच्या कचेरींत परक्यास आसरा मिळावा, तेथेंच त्यांचा अंत झाला. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधू आणि त्यांचा गाडीवाला यांचा असाच बळी गेला. तेथेंहि चोरांच्या आणि मुलें पळविणारांच्या अफवा उठल्या होत्या आणि गांवें रात्रीं पहाऱ्यास जागत होतीं. हें वाक्य आमच्या वाचकांनीं पुन्हां वाचावें. पहारा होता, जागरण होतें, एकी होती. नव्हती ती खात्री करून घेण्याची शिस्त.

संशय बहुधा कोणावर येतो हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो शिक्का स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं पुसला गेला. पण मनांतून तो अजून पुरता गेलेला नाहीं. पालें ठोकून राहणारे, मेंढरें घेऊन हिंडणारे धनगर, ऊसतोडीच्या टोळ्या, हे आपल्याच शेतीच्या चक्रांतले लोक आहेत. त्यांचा मुकादम किंवा म्होरक्या यांस पोलीस पाटलानें येतांच भेटावें, नांवें विचारून घ्यावींत आणि आपलाहि क्रमांक त्यांस द्यावा. ओळख झाली कीं अफवेस जागा उरत नाहीं. शिवाय रात्रीं उघड्या रानांत राहणारा मनुष्य हाच शिवाराचा सर्वांत जागा डोळा असतो.

त्याचप्रमाणें बांधाच्या भांडणांत गस्तीचा उपयोग कोणी करूं नये. भावकींतील वाद गांवांतच मिटावेत, याकरितां १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम निघाली, ती याच हेतूनें. वैऱ्याच्या नांवावर संशय ढकलणारी गस्त लौकरच दोन तटांची होते आणि मग चोरास कोणाचीच भीति राहत नाहीं.

पोलिसांकडूनहि आमची एक अपेक्षा आहे. गांवानें दिलेल्या बातमीचें पुढें काय झालें, हें महिन्यांतून एकदां चावडीवर येऊन सांगावें. माल सांपडला नसला तरी तपास चालू आहे एवढें कळलें, तरी लोक पुढल्या वेळीं बातमी देतात. उत्तर न मिळालेली बातमी ही शेवटचीच बातमी ठरते.

सुगीपूर्वी प्रत्येक गांवानें एक बैठक बोलवावी. पोलीस पाटील, बीट अंमलदार, ज्यांच्या विहिरी गांवापासून लांब आहेत असे शेतकरी आणि शिवारांत राहणारे मजूर यांस तिला बसवावें. स्त्रियांसहि अवश्य बोलवावें, कारण दिवसा परका मनुष्य प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो. यादी, पाळ्या, वस्तूंची वही आणि ठाण्याचा क्रमांक, एवढें त्या दिवशीं ठरलें तरी पुष्कळ झालें. पीक राखावयाचें तें माणसांसाठीं. म्हणून पिकाबरोबर माणूसहि राखला जाईल, अशीच राखण आपण उभी करावी.