कट्यार काळजात घुसली

शास्त्रीय गायकांच्या जीवनावरील एक मराठी संगीत नाटक. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर. संगीत दिग्दर्शक जितेंद्र अभिषेकी. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने ते १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. वसंतराव देशपांडे (खाँसाहेब आफताब हुसेन), भार्गवराम आचरेकर (पंडित भानुशंकर), प्रसाद सावकार (सदाशिव) व फैयाज (झरीना) यांच्या त्यातील भूमिका गाजल्या.

एका संस्थानात राजगायकाच्या पदासाठी स्पर्धा होत असते. ती जिंकणाऱ्यास हवेली व मानाची कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडितजींच्या जागी खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींकडे शिकण्याच्या इच्छेने आलेला तरुण सदाशिव या बदलाने निराधार होतो. खाँसाहेब त्याला विद्या देण्यास नकार देतात. तेव्हा तो त्यांचे गाणे चोरून ऐकून आत्मसात करू लागतो. पंडितजींची कन्या उमा आणि खाँसाहेबांची कन्या झरीना या दोघींच्या मनात त्याच्याविषयी ओढ असली, तरी प्रत्येकीच्या निष्ठेला घराण्याच्या अभिमानाची बाजू आहे. चोरी उघडकीस येते, तेव्हा कट्यार सदाशिववर रोखली जाते. अखेरीस खाँसाहेबांचा अहंकार गळून पडतो आणि त्याच्या गळ्यातील विद्येला ते मान्यता देतात.

विद्या कोणाच्या मालकीची, हा या नाटकाचा मूळ प्रश्न होय. घराण्याच्या चिजा बाहेर जाऊ नयेत, या आग्रहामुळे परंपरेची शुद्धता टिकते. परंतु पात्र शिष्यास नाकारल्यास तीच विद्या गुरूबरोबर लुप्त होण्याचा धोका असतो. दारव्हेकरांनी दोन्ही बाजूंना न्याय दिला आहे. खाँसाहेब खलपुरुष नाहीत. दीर्घ उपेक्षेनंतर मिळालेला मान गमावण्याचे भय त्यांना कठोर बनविते.

नाट्यरचनेच्या दृष्टीनेही हे नाटक वैशिष्ट्यपूर्ण आहे. जुन्या संगीत नाटकांत पात्रे संवादाच्या ओघात पदे म्हणत असत. येथे पात्रे गायकच असल्याने गाणे ही प्रत्यक्ष घटना ठरते. ‘घेई छंद’ हे एकच पद दोन भिन्न चालींत बांधून अभिषेकींनी पंडितजींची संथ, भावप्रधान आणि खाँसाहेबांची तानांनी भरलेली, आक्रमक गायकी यांतील अंतर श्रोत्यांना व्याख्यानावाचून पटवून दिले. घराण्याच्या कडव्या अभिमान्याची भूमिका करणारे वसंतराव स्वतः मात्र कोणत्याही एका घराण्याशी बांधलेले नव्हते. नागपूरला शंकरराव सप्रे व लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले होते, तसेच दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर प्रभाव होता.

या नाटकाचे २०१० मध्ये पुनरुज्जीवन झाले. त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची व अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांनी सदाशिवची भूमिका केली. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील गायनासाठी काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

तरुण साधकाच्या जीवनावरील अशा कथा अन्यत्रही आढळतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या द डिसायपल (२०२०) या मराठी चित्रपटात शिष्याला गुरू लाभतो, विद्याही मिळते. तथापि अपेक्षित सिद्धी हाती येत नाही. जपानी चित्रकथा व त्यांवरून झालेल्या सचेतपट मालिकांत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे विद्यार्थी नायक असतात. तोमोको निनोमिया यांच्या नोदामे कांताबिले या चित्रकथेत पियानो शिकणारी मनस्वी युवती आणि वाद्यवृंदाचा संचालक होऊ पाहणारा तिचा सहाध्यायी यांचा स्नेह केंद्रस्थानी आहे. नाओशी अराकावा यांच्या कथेवरील मालिकेत (२०१४-१५) आईच्या कठोर शिकवणीखाली वाढलेल्या मुलाला तिच्या मृत्यूनंतर स्वतःचे वादनच ऐकू येईनासे होते. एका व्हायोलिनवादक मुलीच्या सहवासात तो पुन्हा पियानोकडे वळतो. भाषा व संगीतपद्धती भिन्न असल्या, तरी शिकविणाऱ्याची सत्ता आणि शिकणाऱ्याचा स्वतःचा सूर यांतील ताण या सर्व कथांत समान आहे. कट्यारमध्ये हा ताण एकाच हवेलीत, दोन घराण्यांच्या स्वरांतून व्यक्त होतो. म्हणूनच त्यातील संगीत कथानकापासून वेगळे काढता येत नाही.