एका बैठकीचे ऑपेरा : छोट्या इटालियन ऑपेरांची चित्रित रूपे

इटालियन ऑपेरा म्हटले की तीन-चार अंक, भव्य नेपथ्य आणि मध्यंतरांसह रंगणारी पूर्ण संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. परंतु याच परंपरेत तास-सव्वा तासात संपणाऱ्या, मोजक्या पात्रांच्या आणि बहुधा एकाच स्थळी घडणाऱ्या ऑपेरांची एक समृद्ध शाखा आहे, आणि घरी पडद्यावर पाहण्यासाठी तीच सर्वांत अनुकूल ठरते. मोठ्या ऑपेरातील शंभर गायकांचा समूह लहान पडद्यावर आक्रसून जातो. दोन-तीन माणसांमधील मत्सर, लोभ किंवा लाज मात्र कॅमेरा जवळ गेल्यावर अधिक गडद होते.

या शाखेचे मूळ ‘इंटरमेझ्झो’ या प्रकारात, म्हणजे गंभीर ऑपेराच्या अंकांमध्ये सादर होणाऱ्या विनोदी प्रवेशांत सापडते. पेर्गोलेसीचा ‘ला सेर्व्हा पाद्रोना’ १७३३ मध्ये नेपल्समध्ये असाच रंगभूमीवर आला. मालकाशी लग्न जुळवून घरधनीण होऊ पाहणारी मोलकरीण, तिचा मालक आणि एक मुका नोकर एवढीच त्यातील पात्रे. गाणारे दोघेच असल्याने मुक्या नोकराच्या मुद्रांना कॅमेऱ्यासमोर विशेष महत्त्व येते, आणि पाऊण तासाच्या या खेळापासून सुरुवात करणारा प्रेक्षक सहसा कंटाळत नाही.

दीड शतकानंतर या लघुरूपाला वेगळेच बळ मिळाले. सोनझोन्यो या मिलानच्या प्रकाशकाने १८८८ मध्ये एकांकी ऑपेरांची स्पर्धा जाहीर केली. तीत विजयी ठरलेला मास्कान्यीचा ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ १७ मे १८९० रोजी रोममध्ये सादर झाला आणि पाहता पाहता युरोपभर गाजला. जोव्हान्नी व्हेर्गा यांच्या सिसिलीतील कथेवर आधारलेल्या या कृतीने ‘व्हेरिस्मो’, म्हणजे सामान्य माणसांचे खडतर वास्तव मांडणाऱ्या साहित्यिक प्रवाहाला, ऑपेरात स्थान दिले. १८९२ मध्ये आलेला लेओनकाव्हाल्लोचा ‘पाल्याच्ची’ त्याच वाटेवरचा. दोन्ही एकाच रात्री सादर करण्याची प्रथा लवकरच रुळली.

‘काव्हाल्लेरिया’ चित्रित करणाऱ्या दिग्दर्शकापुढे संगीतकारानेच दोन अवघड प्रश्न ठेवले आहेत. प्रारंभी तुरिद्दू हा नायक पडदा उघडण्यापूर्वीच, न दिसता, परस्त्रीला उद्देशून गातो. पुढे सारे गाव चर्चमध्ये गेल्यावर रिकाम्या रंगमंचावर केवळ वाद्यवृंद वाजत राहतो. नाट्यगृहात या दोन्ही क्षणी प्रेक्षकाला पाहण्यासारखे काहीच नसते आणि म्हणूनच तो अधिक ऐकतो. पडदा मात्र रिकामा राहू शकत नाही, म्हणून चित्रपटकाराला प्रेमी युगुल, डोंगर, पहाट असे काही दाखवण्याचा मोह होतो. फ्रांको झेफिरेल्ली यांनी १९८२ मध्ये हा ऑपेरा सिसिलीतील व्हित्सिनी या गावी, प्रत्यक्ष उन्हात आणि दगडी गल्ल्यांत चित्रित केला. त्यात प्लासिदो दोमिंगो आणि येलेना ओब्राझ्त्सोव्हा यांच्या भूमिका असून गावाचा धार्मिक, कोंदट कडवेपणा विलक्षण जिवंत झाला आहे. तथापि अशा चित्रपटांत गायन आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रीकरणाच्या वेळी गायक त्यावर ओठ हलवतो. त्यामुळे उंच स्वर लावताना छाती, मान आणि जबडा यांवर येणारा ताण दिसत नाही. ऑपेरातील अभिनयाचा अर्धा भाग या शारीरिक श्रमातच असतो, आणि म्हणून नाट्यगृहातील प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रण, दृश्यसौंदर्यात उणे असले तरी, पहिल्या परिचयासाठी अधिक विश्वासार्ह मानावे लागते.

अशा चित्रणांमध्ये पुच्चीनीच्या ‘इल त्रित्तिको’ला विशेष मान द्यावा लागेल. १४ डिसेंबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रथम सादर झालेल्या या त्रयीत सेन नदीवरील मालवाहू नौकेतील खून, मठात कोंडलेल्या एका मातेचा शोक आणि फ्लॉरेन्समधील मृत्युपत्राची लबाडी अशा तीन स्वतंत्र कथा येतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने २०११ मध्ये सादर केलेल्या, रिचर्ड जोन्स दिग्दर्शित आणि आंतोनियो पाप्पानो संचालित प्रयोगात मधली कथा, ‘सुओर आंजेलिका’, जोगिणी चालवत असलेल्या बालरुग्णालयात घडते. आपले मूल वारल्याची बातमी आंजेलिकाला आजारी मुलांच्या खाटांमध्ये उभी असताना कळते, आणि ही भूमिका करणाऱ्या एर्मोनेला याहोचा चेहरा त्या क्षणी जे सोसतो ते नाट्यगृहातील मागच्या रांगेला कधीच दिसले नसते.

तिसरी कथा, ‘जान्नी स्कीक्की’, दान्तेच्या ‘इन्फेर्नो’तील एका ओझरत्या उल्लेखावर रचलेली आहे. यातील लाउरेटाची आरिया, म्हणजे एका पात्राचे स्वयंपूर्ण गीत, मैफलींत स्वतंत्रपणे इतकी गायिली जाते की ती निखळ करुण वाटू लागते. उपशीर्षकांसह, संदर्भात पाहिल्यावर मात्र लाउरेटा ही वडिलांना भावनिक कोंडीत पकडणारी मुलगी आहे हे उमगते, आणि कॅमेरा गाणारीवरून ऐकणाऱ्या बापाकडे वळला की प्रसंगाची खरी गंमत उलगडते. संहिता आधी वाचून ठेवणे यासाठीच उपयुक्त असते, कारण सतत खालची ओळ वाचणारा डोळा चेहरे गमावतो.

ध्वनीचा विचार दृश्याइतकाच करावा लागतो: दूरदर्शन संचाच्या पातळ ध्वनिवर्धकांतून वाद्यवृंदाचे खर्जातील स्वर जवळजवळ नाहीसे होतात, तेव्हा चांगले हेडफोन किंवा स्वतंत्र स्पीकर वापरणे श्रेयस्कर. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, अर्थात एनसीपीएमध्ये, मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांची चित्रणे मोठ्या पडद्यावर दाखवली गेली आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी एखादी कृती आधी तेथे आणि मग घरी पाहावी.